घाणेरीची फळं

४ ऑक्टोबर

शी! आज पुन्हा साहेबांच्या तोंडात हात घालावा लागला. साहेब म्हणजे सासऱ्यांचा कुत्रा. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले ते याला घेऊनच. फिरायला नेलं की रस्त्यावर दिसेल ते याच्या पोटात. आज जे बाहेर काढलं ते काय होतं देव जाणे, पण त्याला केस होते.

दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांच्या जबड्यात नळी धरून उभी असते मी. थुंकी, रक्त, किडलेल्या दाढा – त्याचं काही वाटत नाही. हातात मोजे असतात, आणि माणूस निदान लाजतो तरी. हा शेपटी हलवतो.

६ ऑक्टोबर

दिवाणखान्यात उलटी. काळीजांभळी, त्यात बारीक बिया. नेमका अनवाणी पाय पडला माझा. पुढचं लिहवत नाही.

७ ऑक्टोबर

ती घाण डबीत भरून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाईंनी झाकण उघडून चक्क वास घेतला! म्हणाल्या, घाणेरीची फळं. गल्लीच्या टोकाला त्या झुडपांचं रान माजलंय, तिथलीच असणार. हिरवी, कच्ची फळं जास्त वाईट, पण पिकलेलीही नकोतच. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही, एखाद्याचं यकृत कामातून जातं. आणि हा आता म्हातारा. अळंबी असो, कुठलंही रानटी फळ असो, ओळखीचं नसेल ते खाऊच द्यायचं नाही. पुन्हा खाल्लं तर मी खात्री देत नाही, असं स्पष्ट सांगितलं.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, तर म्हणे जनावराला कळतं काय खायचं ते. कळतं! परवा केसवालं काहीतरी चघळत होता तो!

८ ऑक्टोबर

मुसकं आणलं. तारेच्या जाळीचं. त्यातून पाणी पिता येतं, जीभ बाहेर काढता येते, पण रस्त्यावरचं काही उचलता येत नाही. संध्याकाळी मी नेलं तेव्हा एका मेलेल्या उंदरावर नाक आपटून आपटून दमला बिचारा. मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही.

११ ऑक्टोबर

परत उलटी! परत त्याच बिया! माझ्या फेरीत आम्ही त्या झुडपांकडे फिरकतसुद्धा नाही. म्हणजे सकाळचीच फेरी. सकाळी सासरे नेतात. मुसकं काढता का, विचारलं. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, थोडाच वेळ, त्याला भूक लागते ना.

माझं डोकंच फिरलं. नको ते बोलून गेले. "तुमच्या लाडापायी मरेल तो एक दिवस!" सासरे मान खाली घालून बसले. नाश्त्याला हात लावला नाही. रुसले असतील. नवरा म्हणतो, बाबांना काही बोलू नकोस. बरोबर आहे. फरशी कुठे त्याला पुसावी लागते!

१३ ऑक्टोबर

साहेबांना सलाईन लावलं. डोळ्यांतलं पांढरं पिवळं पडलंय. माझ्या तळहातावर हनुवटी टेकून पडून होता. लाळ बोटांमधून गळत होती. किळस आली, पण हात काढला नाही.

ठरलं. बरा झाला की नणंदेकडे पाठवायचा. सकाळी मला दवाखाना, नवऱ्याला कारखाना – बघणार कोण? तिच्याकडे बंद अंगण आहे, तिथे घाणेरी नाही आणि लाड करणारे सासरेही नाहीत. त्यांना सांगितलं तर मान डोलावली. संध्याकाळी मात्र दोनतीनदा विचारलं, साहेब कुठे गेला? दर वेळी सांगितलं, दवाखान्यात आहे. मुद्दाम छळतात मला.

१६ ऑक्टोबर

साहेब नणंदेकडे गेले. फरशी कोरडी, घर कसं लख्ख! खोटं कशाला लिहू – करमत नाहीये.

१९ ऑक्टोबर

नणंदेचा फोन. उलट्या बंद, साहेब खातोपितो, तिच्या पायपुसण्यावर लोळतो. बघा, माझंच खरं निघालं! सासरे मात्र अजून सकाळी साहेबाची दोरी हातात घेऊन एकटेच फिरून येतात आणि नाश्ता नको म्हणतात. किती दिवस रुसायचं माणसानं? मीही आता आग्रह करणं सोडलंय.

२० ऑक्टोबर

सासरे कवळी बेसिनवर विसरले. दवाखान्यात कवळ्या धुणं माझं रोजचंच काम, म्हणून उचलली. आतून जांभळी. टाळूच्या बाजूला बारीक बिया चिकटलेल्या.

नळ तसाच वाहत राहिला. शी म्हणायचंही सुचलं नाही.

तशीच त्यांच्या खोलीत गेले. दोरी मांडीवर घेऊन बसले होते. विचारलं, बाबा, ती फळं तुम्ही खाता? साहेबाला तुम्ही भरवत होता?

बोळक्या तोंडाने हसले. हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस हं. उद्या तुला पण आणतो."