शराटी आले की सराटे आले

तीर्थस्वरूप दादा,

हर्सूलहून धाकट्या बद्रीनाथचा दंडवत. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वहिनींकडून कळलं, जीव भांड्यात पडला. पुण्यात लेकीकडं आहात तर पाय वर घेऊन बसा, उगी जावयाला गाडी कशी चालवायची ते शिकवू नका. मी अन् लीला, आम्ही दोघं ठीक. (हर्सूलला राहतो म्हटलं की लोक अजून विचारतात, जेलच्या आत का बाहेर. रविवारचा प्रकार वाचून तुम्हीच ठरवा.)

आपलं शेंद्र्याचं पाणथळ चिबड प्लॉटिंगवाल्या सराटेसाहेबांना दाखवायचं, असा तुमचा हुकूम होता. रानात कायम पाणी साचलेलं, ज्वारी येत नाय, कपाशी येत नाय, मुरूम टाकून प्लॉट पाडायला कुणी घेतंय हेच नशीब, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. साहेबांच्या आधी जाऊन बांधावर उभा राहिलो, अन् बघतो तर काय, चिबडात शराटी उतरलेले! मोर-शराटी म्हणतात त्यांना. (नावात मोर आहे, पिसारा नाय. हे मला हर्सूलच्या तळ्यावर फिरायला येणाऱ्या दुर्बीणवाल्या मंडळींनी शिकवलं.) लांबून काळेच वाटतात, पण ऊन पडलं की अंगावर तांबडा, हिरवा, जांभळा असा रंग खेळतो, वहिनींच्या लग्नातल्या शालूसारखा. विळ्यासारखी वाकडी चोच चिखलात खुपसून सगळे खाण्यात गर्क. बाजूला लाल काड्यांच्या पायांचे शेकाटे, दोन-चार बगळे. दादा, खरं सांगतो, लई बरं वाटलं.

हरखून लीलाला फोन लावला. वारं सुटलेलं, रस्त्यानं कंपन्यांचे ट्रक. मी म्हणालो, शराटी आलेत, पंधरा-वीस तरी असतील, चिखलात तोंड घालून खातायत, लवकर ये. तिनं ऐकलं, सराटे आलेत! पाहुणे चिखल खाईपर्यंत मी नाश्त्याचं बघितलं नाय म्हणून मला चार शब्द सुनावले अन् मोठ्या पातेल्यात पोहे टाकले. तेवढ्यावर भागलं असतं तर ती लीला कसली? तिनं सराटेबाईंना फोन केला. (हळदीकुंकवात नंबर घेऊन ठेवलेला.) म्हणाली, साहेब चिखलात उतरलेत, तोंडसुद्धा घातलंय, पण तुम्ही घाबरू नका, मी पोहे घेऊन निघालेय. बाईंनी तिकडं हंबरडा फोडला. साहेब अजून जालना रोडवरच होते. बाई त्यांना फोन करून जिवंत आहात का विचारतायत, अन् ते 'आहे' म्हणाले तरी विश्वास ठेवीनात. हल्ली नवऱ्याचा आवाज काढून फसवतात, असं त्यांनी मोबाइलवर बघितलेलं.

साहेब आले ते लालबुंद होऊन. त्यांना शांत करावं म्हणून मी चिबडाकडं बोट केलं अन् म्हणालो, साहेब, चिखलात तोंड घातलेले ते हे, शराटी. त्यांना वाटलं मी त्यांच्या आडनावाची चेष्टा करतोय. तेवढ्यात रिक्षातून पातेलं उतरवून लीला विचारते, बाकीची मंडळी कुठंत? साहेबांच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला, अन् असे हसत सुटले की बांधावर बसकणच मारली. दोन बशा पोहे खाल्ले. बाईंना व्हिडिओ कॉलवर पक्षी दाखवले, वाकून वाकून. माणूस वाईट नाय, दादा. मला मनातून आशा लागली की आता हा काही हे बुजवायचा नाय.

हात पुसत साहेब म्हणाले, जागा एक नंबर, सौदा पक्का. प्लॉटिंगला नाव द्यायचं 'शराटी नगर', कमानीवर याच पक्ष्याचं चित्र. मुरूम लगेच टाकायला घेतो. मी विचारलं, मग हे कुठं जातील? म्हणाले, कमानीवर असणारच की. मी हातातली बशी खाली ठेवली. तरी मान हलवली, तुमचा हुकूम होता. तर काम फत्ते झालं. वहिनींना नमस्कार, नातीला पापा.

तुमचा आज्ञाधारक,
बद्रीनाथ

ता. क. : सातबाऱ्यावर दोघांचीही नावं आहेत. साहेबांपुढं मान हलवली ती तुमच्या वतीनं, माझी सही मी देणार नाय. वाटणी करू. विहिरीजवळचं चांगलं काळं रान तुम्ही ठेवा, चिबड माझ्या नावावर करा. त्यात काही पिकत नाय म्हणता, पण रविवारी मी तिथं जेवढा खूश होतो तेवढा आपल्या कुठल्याच रानात कधी झालो नाय.

आणखी एक : पत्र मिळाल्यावर फोन करू नका. फोनवर तुम्ही नुसतं 'बद्री' म्हणालात की मी खुर्चीतून उठून उभा राहतो अन् व्हय म्हणून बसतो, लीला हसते. तुम्हाला नाय म्हणणं मला कागदावरच जमतं, तेही साठीनंतर. म्हणून हे पत्र. नाय, दादा.