ताण म्हणजे दोर नव्हे

नागपूर
९ डिसेंबर २०२३

चि. मोनालीस,
अ. आ. व जयभीम.

मी फोनवर संत्र्याच्या झाडाला ताण दे म्हणाले आणि तुम्ही त्याला तीन दोर बांधून आवळलंत, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. काल तुमच्या शेजारचा गोविंदा मिरचीची पोती इतवारीत उतरवून माझ्याकडे चहाला आला होता. तो म्हणाला की मोनालीनं झाडाले नाल ठोकायच्या बैलासारखं आवळून ठेवलं, आता ते लाथ काहून मारीन. मी त्याच्यासमोर हसले नाही. तो गेल्यावर हसले.

फळरोपवाटिकेत उभा जन्म नोकरी केली, पण असा ताण पाहिला नाही. ताण देणं म्हणजे पाणी तोडणं. कुहीत सगळीकडे धान, म्हणून तू बुंध्याभोवतीही बांधी घालून पाणी उभं ठेवतेस. धानाला ते मानवतं. संत्र्याचं मूळ त्यात गुदमरतं आणि बुंध्यातून डिंक गळतो. पानं पिवळी पडली ती तहानेनं नव्हे.

आधी दोर सोड. बांधी मोड आणि माती मागे ओढ. कलमाचा जोड उघडा दिसला पाहिजे. डिंकाची साल हलक्या हातानं खरवडून मोरचूद आणि चुन्याचा लेप लाव. दोन्ही गोविंदाजवळ पाठवलं आहे. लोखंडी घमेल्यात कालवू नकोस. संक्रांतीपर्यंत थेंब पाणी नको. पानं मलूल होतील, तुझा जीव खालीवर होईल. होऊ दे.

जावईबापू झाड काढून तिथे टेम्पो उभा करणार, असंही कळलं. टेम्पोवर तुमचं घर चालतं, हे मला समजतं. पण त्यांना म्हणावं, बहारापर्यंत थांबा. इथली मिल बंद पडल्यावर तुझे बाबा, आमचा बाबाराव, कुहीला येऊन ओट्यावर नुसते बसून राहायचे. तेव्हा मी स्वतः बांधलेलं हे कलम बाबारावाच्या हातात दिलं आणि म्हटलं, सांभाळ. त्यानं सांभाळलं.

झाडाबद्दल फोन करू नकोस. तुला भलतंच ऐकू येतं आणि मला आता ऐकूच येत नाही. लिही. लोभ आहे, त्याला ताण पडू देऊ नये.

तुझी आत्या,
अंजना


कुही
२४ डिसेंबर २०२३

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

दोर सोडले. लेप लावला, प्लास्टिकच्या बादलीत कालवून. ह्यांचं म्हणणं असं की टेम्पोवर माल चढवला की ताण दोरानंच देतात, मग झाडाले काहून नाही? वरून आत्यानंच फोनवर 'चांगला दे' म्हटलं होतं, म्हणून एकाऐवजी तीन बांधले.

समोरच्या बायजाबाई रोज फाटकाशी येऊन टोमणा मारतात, की बाप गेला आणि पोरीनं झाडाचंही पाणी तोडलं वं. त्यांना मी उत्तर देते. स्वतःला देता येत नाही. बाबा रोज सकाळी बादली घेऊन झाडाशी जायचे. ते गेल्यापासून मीही तेच करते आहे. तेवढाच वेळ ते घरात असल्यासारखं वाटतं. आता बादली उचलते आणि परत ठेवते. पानं गळून राहिली आहेत. ह्यांनी सांगून टाकलं आहे, फुललं तर राहीन, नाही तं जागा मोकळी. खरंच जगेल ना, आत्या?

तुमच्या मायेची सवय झालेली,
मोनाली


नागपूर
१६ जानेवारी २०२४

चि. मोनालीस,
अ. आ.

जगेल की नाही, हे मी इथे बसून सांगणार नाही. बुंधा वाळला असेल आणि नवा डिंक नसेल, तर पाणी सुरू कर. पहिलं पाणी हलकं. बुंध्यापासून हातभर जागा सोडून गोल आळं कर आणि पाणी त्या आळ्यातच दे. बुंधा कोरडा राहिला पाहिजे. कुजलेलं शेणखतही तिथेच घाल. फुलं आली नाहीत तरी चालेल, मला आधी मुळं हवी आहेत. जावईबापूंना हे सांगू नकोस.

आता बादलीचं. बाबाराव रोज पाणी घालत नव्हता. मी मुक्कामाला आले की पाहायची: बादली रिकामीच असायची. तो ती झाडाशी उलटी ठेवून तिच्यावर बसायचा. पानं उलटून पाहायचा, अळ्या वेचायचा, विडी ओढायचा. तू येता-जाता बादलीच तेवढी पाहिलीस. तेव्हा रोज जा. बादलीही ने.

जावईबापूंना जयभीम. लोभ राहू दे.

आत्या


कुही
२७ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

झाड फुललं! उगवतीच्या बाजूनं पांढरं झालं आहे, मावळतीच्या फांद्या मात्र गेल्या. वास थेट चुलीपर्यंत येतो. मी बादली उलटी घालून बसते. बूड पिचकलेलं आहे, ते कशानं ते आता कळलं. बायजाबाई म्हणतात की बसली बापासारखी. हा टोमणा होता की काय, मी विचारलं नाही.

ह्यांनी टेम्पो रस्त्याच्या कडेला लावला. तेच तीन दोर आता शेळ्या आत येऊ नयेत म्हणून फाटकाला ताणून बांधले आहेत. म्हणतात, ताण शेवटी दोराचाच कामी आला.

तुमचे उपकार मानले तर रागवाल, म्हणून फक्त कळवते.

मोनाली


नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मोनालीस,
अ. आ. व जयभीम.

मी निम्म्याहून जास्त फळं लहान, हिरवी असतानाच तोडायला लावली, तेव्हा तू रडलीस असं गोविंदा सांगत होता. आजारी झाडावर तेवढाच भार बरा. उरलेली पोचली. वाळलेल्या फांद्या थंडी सरायच्या आत काप आणि कापल्या जागी लेप लाव.

मावळतीकडून गेलेलं झाड आज ना उद्या जाणार, म्हणून आत्ताच त्याचे डोळे, म्हणजे पानाच्या बेचक्यातले कोंब, काढून नवी कलमं बांधायची. माझा हात आता हलतो, तेव्हा ती तू बांधशील. डोळा धडक्या फांदीवरूनच घे. पहिले चार वाया जातील. माझेही गेले होते.

सोबतचा चाकू जपून वापर. मी कृषी महाविद्यालयात गेले तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी. घरात सगळ्यांनी विचारलं की झाडाचं शिकून काय करणार. बाबारावानं एवढंच विचारलं की चाकू कोणता लागतो, आणि मिलच्या पहिल्या पगारातून इतवारीतून आणून दिला. माझी नोकरी, माझं घर, बंगल्यांतल्या बायका मला मॅडम म्हणतात ते, सगळं त्या पात्यातून आलं. त्याला हे कधी सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं. तुला सांगून ठेवते.

गोविंदाच्या हाती दिलं: कलमाचा चाकू, एक, धार लावलेला. जंबेरी लिंबाची रोपं, दोन, पिशवीसकट. संत्र्याचा डोळा ह्यांच्यावरच बांधायचा. तुमची टोपली, रिकामी परत करू नये, म्हणून सामान तिच्यातच ठेवलं आहे.

घेतलं: संत्री, टोपलीभर. त्यांतलं एक सकाळी बाबारावाच्या फोटोपुढे ठेवलं, संध्याकाळी मी खाल्लं. गोड होतं.

आत्या