बिछान्याची गाडी

११ फेब्रुवारी २००६
आली गाडी! ह्यांना उचलून आत ठेवलं, तर छताकडेच बघत राहिले. मणका मोडल्यापासून अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही, म्हणून बावधनच्या गाड्यांच्या दुकानात सांगून बिछाना, मोठी खिडकी, संडास — सगळं आत बसवून घेतलं. तिथला विक्रीचा मुलगा सौरभ म्हणाला, "काकू, हे चालतं घरच आहे." ह्यांना एकाच ठिकाणी जायचंय — दारव्ह्याला, थोरल्या बहिणीकडे. वन्सं ऐंशीच्या पुढे आहेत.

१९ फेब्रुवारी
दारव्हा राहिला. घोटावड्यातून निघालो, चांदणी चौकाच्या उतारावर ब्रेक लागेना. आमचे ड्रायव्हर कोंडाजी. त्यांनी गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली म्हणून वाचलो. हे बिछान्यावरून खाली. कोंडाजी म्हणाले, "पाय पार खाली गेला, बाई, तरी थांबंना."

६ मार्च
दुरुस्त झाली म्हणून दुकानाने परत दिली. पिरंगुटच्या उतारावर पुन्हा तेच. आता कोंडाजी बसायला तयार नाहीत. कसे होतील?

२ मे
सौरभ म्हणतो, ब्रेक कंपनीचे, कंपनीला लिहा. लिहिलं. कंपनीचं उत्तर — आम्ही नुसती गाडी दिली, वर एवढं वजन दुकानाने चढवलं. ते पत्र घेऊन दुकानात गेले. मालकांनी वाचलं, चहा मागवला, कंपनीशी बोलतो म्हणाले. ओढून नेलेली गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी आले. तो चहा मी का प्याले?

१७ जुलै
ग्राहक मंचात तक्रार दिली. वकील नसला तरी चालतो म्हणाले, म्हणून स्वतःच लिहिली. पाच वेळा. वीस वर्षं मुलांचे निबंध तपासतेय, पण स्वतःचं एक वाक्य सरळ उतरेना.

२३ नोव्हेंबर
मंचात जाऊन आले. पुढची तारीख.

८ मार्च २००७
दुकानाच्या वकिलांचं म्हणणं — एवढी मोठी गाडी धंद्यासाठीच घेतली असणार, तेव्हा या बाई कायद्याने ग्राहकच नव्हेत. मी ग्राहक नाही! आजारी नवऱ्याचे कागद पुढे केले. ठेवून घेतले. पुढची तारीख.

३० ऑगस्ट
वन्सं गेल्या. ह्यांनी फोन खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

१४ जानेवारी २००८
दुकानाकडून तडजोड आली. गाडी त्यांची, पैसे आमचे. तक्रार मागे घ्यायची आणि गाडीबद्दल कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर सगळे पैसे परत. ह्यांना विचारलं. "आता कुठे जायचंय?" एवढंच म्हणाले. सही केली.
जिंकले की हरले, कळत नाही. डॉक्टर म्हणतात, या पैशात ऑपरेशन होईल. निदान बसता येईल.

९ जून
दारात एक माणूस — बहिरू, नेऱ्याचा. जमीन विकून गाडी घेतलीय. आमचीच! बिछाना काढून आत बाकं टाकलीत.
"शाळंची पोरं न्यायचीत," म्हणाला. "गाडी अजून तुमच्या नावाव हाय. एका फॉर्मवर सही राह्यलीय, म्हून दुकानातनं धाडलंय."
ब्रेकचं काही बोलले का, विचारलं.
"न्हाई. घरगुती वापराची हाय, लई चांगली म्हणाले."
पेन त्यानेच पुढे केलं. चष्मा सापडत नाही, उद्या ये, असं सांगून वाटेला लावलं. चष्मा डोळ्यांवरच होता.
ऑपरेशन चोवीस तारखेला आहे.

१० जून
बहिरूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पैसं तर देऊन बसलोय, बाई."
सही केली नाही. ह्यांनी आतून हाक मारली — त्याला इकडे आण, तक्रार तुला लिहिता येते.
दुपारी दवाखान्यात फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द केली.