कागदोपत्री उलटलेली गाडी

८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

खुबा बदलून घरी आले. नवा सांधा झकास आहे, फक्त तो माझाच आहे हे त्याला अजून पटलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा सरेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मी बरं म्हटलं. बरं म्हणायला काय जातंय?

पण पत्राचं कारण वेगळंच आहे. जुना सांधा काढताना डॉक्टरांना आत लोखंडाचा एक तुकडा सापडला. दाढेएवढा, वेडावाकडा. बाटलीत घालून तो माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हा कुठला? मी म्हटलं, लष्करातला. तर म्हणाले, तुमच्या लष्करी कागदावर लिहिलंय की डेपोच्या आवारात रुग्णवाहिका उलटून खुब्याला मार लागला, कारण चालकाचा, म्हणजे तुमचाच, हलगर्जीपणा. आता गाडी उलटल्यावर माणसाच्या आत तोफगोळ्याचा तुकडा कसा शिरतो, हे काही त्यांना कॉलेजात शिकवलं नव्हतं. मला हसू फुटलं आणि टाके दुखले.

तर मी ठरवलंय. इतकी वर्षं गप्प बसले, आता अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करणार. नोंद दुरुस्त करा, आणि आघाडीवर असल्याचं पदक व जखमेचं पदक, दोन्ही द्या. कार्यालय तुझ्या शहरात आहे, म्हणजे खेटे तू घालायचेस. दुकान एक दिवस बंद ठेव. चार घड्याळं उशिरा दुरुस्त झाली म्हणून काही सूर्य उगवायचा राहत नाही.

तुझ्या बायकोला सांग, तिने पाठवलेली उशी खुब्यापेक्षा मऊ आहे. बाकी काय लिहू? माया आहेच, ती पुरवून पुरवून वापरावी.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. ही तर वाचता वाचता हसत सुटली. पदकं दाराच्या घंटेला टांगायच्या लायकीची असतात असं तूच म्हणायचीस ना? आता या वयात ती कशावर लावणार? गाऊनवर?

तरीही गेलो. हुकूम मोडायची आपल्या घरात फक्त तुला परवानगी आहे. लांबलचक बोळ, टोकाला एक खिडकी, खिडकीत मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेल्या कारकूनबाई. फार सभ्य. त्यांनी मला समजावलं, ते असं. महिला चालकांच्या तुकडीने डेपोच्या पुढे जायचं नाही, असा त्या काळी लेखी हुकूम होता. म्हणजे आघाडीवर एकही बाई नव्हती. बाईच नव्हती तर ती जखमी कशी होणार? मी तुकड्याचं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, पेशंटने तो चुकून गिळला असेल का?

ताई, मी म्हटलं, विचारून सांगतो.

एकच वाट आहे म्हणे. ज्या मेजरसाहेबांनी तो अपघाताचा अहवाल लिहिला, त्यांनीच तो चुकीचा होता असं सहीनिशी द्यायचं. ते हयात आहेत, पेन्शन घेतात. पण तुला खरं सांगू? सोडून दे. निम्म्या गावाला तू गाडी शिकवलीस, तुला हलगर्जी कोण म्हणणार आहे? एक कागद म्हणतो, तर म्हणू दे बापडा.

जिने चढू नकोस. आमच्या दोघांवर राग असला तरी तो लोभासकट असावा.

तुझा,
बारक्या

२७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद, कान धरून.

त्या बाईंना सांग की मी बऱ्याच गोष्टी गिळल्या, पण लोखंड नाही.

आणि कोण म्हणणार आहे, असं विचारतोस? ऐक तर. हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

गाडीत मी एकटी नव्हते. माझ्याबरोबर स्ट्रेचर धरायला लांब्या असायचा. इतका उंच की गाडीत बसला की गुडघे कानांना लागायचे. आवाज फुटक्या भोंग्यासारखा आणि हौस गाण्याची. त्या दिवशी आम्ही पुलावर गेलो होतो, डेपोच्या पार पुढे, भर गोळीबारात. मेजरने फोनवरून सांगितलं म्हणून. पहिल्या खेपेला चार जखमी आणले. दुसऱ्या खेपेला गोळा पडला. मी इस्पितळात प्लास्टरमध्ये जागी झाले आणि लांब्या जागा झालाच नाही.

बाईला पुढे पाठवलं हे वर कळलं असतं तर मेजरची नोकरी गेली असती, म्हणून त्याने गाडी डेपोच्या आवारात उलटवली. कागदावर. तिथे लांब्या अपघातात मेला, माझ्या हातून. तोच कागद त्याच्या बायकोला गेला. तिला तेव्हा दिवस गेलेले. मी तिला खरं काय ते लिहिलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: तुम्हाला गाडी येत नव्हती तर चालवायला कुणी सांगितलं होतं? दुसरं पत्र लिहिलं, ते न फोडताच परत आलं. मुख्यालयाला लिहिलं, तर प्रकरण बंद झालंय म्हणे.

तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता. आता बाटलीत आहे. पदक मी गाऊनवर लावीन नाहीतर मांजराच्या गळ्यात बांधीन, ते माझं मी बघते. पण मी पुलावर होते हे ठरल्याशिवाय लांब्याही तिथे होता हे ठरत नाही. त्याची बायको तुझ्याच शहरात राहायची, नदीपलीकडे फर्निचरवाल्यांच्या गल्लीत.

मेजरचा पत्ता पाठव. कळावे. रागावले आहे, तरी जीव तुझ्यातच आहे.

ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र दोनदा वाचलं. हिने तिसऱ्यांदा वाचलं आणि दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातातून काढून घेतल्या. म्हणाली, आज दुकान मी उघडते, तू नदीपलीकडे जा.

गेलो. मी, ज्याला रिक्षावाल्याशी घासाघीस करायलाही घाम फुटतो. लांब्याची बायको पाच-सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगी आहे, गल्लीच्या टोकाला खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवायचं दुकान चालवते. उंच म्हणजे काय, दारातून वाकून बाहेर आली. तोंडात खिळे धरलेले, हातात हातोडी. मी तुझं नाव घेतलं मात्र, तिने एकेक खिळा तोंडातून काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली की त्या बाईचं नाव या दुकानात काढायचं नाही. ती जन्मायच्या आधी त्या बाईने तिचा बाप आवारातल्या आवारात गाडी उलटवून मारला, आणि आई मरेपर्यंत कुठल्याही गाडीत पुढच्या सीटवर बसली नाही. मी म्हटलं, अहो, तेच तर सांगायला आलोय. तिने हातोडी उगारली नाही, पण हातोडीकडे नुसतं बघितलं. मी निघालो. चालत नाही, जरा भरभर.

मेजरसाहेबांचा पत्ता सोबत जोडला आहे. तुझ्या गावापासून दोन तासांवर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी तुला जिने चढू नको म्हटलं होतं. आता तो शब्द मागे घेतो.

सांभाळून जा. आमची ओढ तुझ्या वाटेकडे लागलेली असेल.

बारक्या

२१ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. तू हातोडीसमोर उभा राहिलास, म्हणून आज दोन जास्त.

गेले होते. स्वतः गाडी चालवत. डॉक्टरांना कळवू नकोस.

तीन मजले चढायला मला एका लढाईएवढा वेळ लागला. सुनेने दार उघडलं. मेजरसाहेब आरामखुर्चीत, पाय गरम पाण्याच्या टबात. सगळा हुद्दा घोट्यापर्यंत बुडालेला. मला वाटलं होतं ओळखणार नाहीत. बघताक्षणी टबातच उभे राहायला लागले. सूनबाईंनी धरलं म्हणून बरं, नाहीतर नवा खुबा त्यांनाही लागला असता.

बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि काय हवं ते सांगितलं. नाही म्हणाले. माजी सैनिकांच्या संघाचे ते अध्यक्ष आहेत, नातवंडं त्यांचा फोटो शाळेत घेऊन जातात, शेवटी शेवटी खोटारडा म्हणवून घ्यायचं का? मी म्हटलं, खोटारडे तुम्ही तेव्हापासून आहात, आता फक्त सुटायची संधी आहे. ते रागावले. मग मी म्हटलं, माझा हलगर्जीपणा हवा तर ठेवा, लांब्याला तेवढा पुलावर पाठवा. म्हणाले, तसं होत नाही, गाडी एकच होती. हे मात्र बरोबर होतं.

मग मला खरंच चीड आली. मी म्हटलं, त्या दिवशी तुमचे सगळे पुरुष चालक जखमी नाहीतर बेपत्ता. पुलावर पोरं रक्त गाळत पडलेली. तुम्ही नियम मोडून मला फोन केलात आणि जा म्हणालात. आम्ही आणलेले चौघंही जगले. अख्ख्या लढाईत एक हुकूम शहाण्यासारखा दिलात आणि नेमकी त्याचीच लाज बाळगून बसलात?

बारक्या, ते बाटली हातात फिरवत बसले. पाणी गार झालं असावं. सूनबाई दारातून सगळं ऐकत होत्या. त्या टॉवेल आणि कागद घेऊन आल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, आधी पाय पुसा, मग लिहा.

त्यांनी लिहिलं, 'अहवालात परिस्थितीजन्य त्रुटी राहिली.' सूनबाईंनी ते खोडलं आणि 'खोटं' लिहायला लावलं. ही सून मला फार आवडली.

कागद सोबत आहे. कारकूनबाईंच्या हातात दे. खुबा ठणकतोय, पण मजेत. तिकडे सगळ्यांवर माझा जीव, जरा ओरडूनच सांगावा.

ताई

३० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण रिकाम्या हाताने लिहायचं नव्हतं. कारकूनबाईंनी तो कागद वाचून चष्मा काढला होता. म्हणाल्या, अधिकाऱ्याने स्वतःच्या अहवालाला लेखी 'खोटं' म्हटल्याचं आजवर पाहिलं नाही, हे कुठल्या सदरात घालायचं तेच कळेना. शेवटी 'इतर'मध्ये घातलं.

निकाल लागला. नोंद बदलली. अपघात गेला, हलगर्जीपणा गेला. तुझी दोन्ही पदकं मंजूर, लांब्याचीही. त्याची त्याच्या मुलीकडे जातील. मला दुकानातच रडू आलं. गिऱ्हाईकाला वाटलं, घड्याळ कायमचं बंद पडलं.

आणि काल लांब्याची मुलगी आली. सरकारी पत्र हातात घेऊन. हिने मला मागच्या दाराने जायचं का, असं खुणेने विचारलं. पण ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, तुम्ही तेव्हा हेच सांगायला आला होतात का? मी म्हटलं, हो, पण तुमच्या हातोडीपुढे माझी जीभ छोटी पडली. ती हसली नाही. तिला पदकाबद्दल काही बोलायचं नव्हतं. ज्याने तो पहिला कागद लिहिला, त्याला तिला बघायचं आहे, आधी तुला भेटून. तुझा पत्ता मागितला. दिला. चुकलं का?

आम्ही दोघं उत्तराकडे डोळे लावून आहोत. लोभ वाढता नसला तरी चालेल, होता तेवढा असावा.

बारक्या

१४ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

काही चुकलं नाही.

ती बसने आली. दारात लांब्याच उभा आहे असं वाटलं, फक्त केस नीट विंचरलेले. चहा नको म्हणाली. मेजरकडे जायला माझी गाडी आहे म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला. तरी बसली. मागे. दोन्ही हातांनी दाराची मूठ घट्ट धरून. मी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नव्हती. एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वळून बघितलं.

मेजरसाहेब बूट घालून तयार बसले होते. तिने नमस्कार केला नाही. पिशवीतून त्यांच्या जबाबाची प्रत काढली आणि मोठ्याने वाचा म्हणाली. ते वाचायला लागले. तिच्या बापाचं नाव आलं तिथे अडखळले, तर तिने पहिल्यापासून वाचायला लावलं. दुसऱ्यांदा त्यांनी नीट वाचलं, शेवटपर्यंत. मग ती म्हणाली, हे माझ्या आईने ऐकायला हवं होतं. ते हो म्हणाले. माफी मागायला लागले, तर म्हणाली, ती माझ्याजवळ मागून उपयोग नाही, आणि आईजवळ आता मागता येणार नाही, तेव्हा ती तुमच्याकडेच राहू दे. सूनबाई पदर डोळ्याला लावून उभ्या. मी खिडकीबाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

जिना उतरताना तिने विचारलं, बाबांना फार दुखलं का? बारक्या, इथे थाप मारणं सोपं होतं. पण खरं त्याहून बरं होतं. मी सांगितलं, दुखायला वेळच मिळाला नाही. तो माझ्या गिअर बदलण्यावर तोंडसुख घेत होता. म्हणत होता, असा गिअर तर माझी आजीसुद्धा, आणि तेवढ्यात गोळा पडला. आजी काय करायची ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ती आधी हसली. मग पायरीवर बसली आणि रडली. मीही शेजारी बसले. वर-खाली करणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. उठताना तिने मला उठवलं, खुब्यामुळे.

परत निघताना मी मागचं दार उघडलं, तर ती पुढे येऊन बसली. पहिली दहा मिनिटं रस्त्याकडे टक लावून होती. मग काचेला डोकं टेकून चक्क झोपली. गुडघे वर आलेले, तोंड उघडं. दोन तास मी एकही खड्डा लागू दिला नाही.

डॉक्टरांना यातलं काही कळवू नकोस. तुझ्या बायकोला माझे दोन आशीर्वाद जास्त. इकडे सारं ठीक आहे, तिकडेही तसंच असावं.

तुझी,
ताई