दक्षिणेकडे तोंड केलेली ओळ

आरा, शुक्रवार

तीर्थस्वरूप रामउदार मामाजींच्या पायांवर मृगांकचं डोकं. (सध्या त्यावर केस नाहीत, त्यामुळे ते पूर्वीपेक्षा नीट टेकतं.)

तुमचा खोकला कसा आहे? मामीजींचा गुडघा, नानीजींची झोप आणि मागच्या बागेतली लिचीची झाडं, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. फोन केले, पण प्रत्येक वेळी मामीजी उचलतात आणि म्हणतात, "ते घरात नाहीत रे टुन्ना." तेवढ्यात मागून कुणीतरी खोकतं. आमच्या क्लासमध्ये अशा विधानांवरून निष्कर्ष काढायला शिकवतात. मी काढला, पण मामीजींना सांगितला नाही. पत्र फोनसारखं नसतं. ते हातात आलं की 'घरात नाही' म्हणता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

बाबूजींच्या तेराव्याच्या पंगतीत जे झालं त्यात माझा हेतू वाईट नव्हता, एवढंच मला सांगायचं आहे. पण ते समजायला बँकेच्या परीक्षेतला तर्काचा पेपर थोडा समजून घ्यावा लागेल. त्यात आठ माणसं असतात, पी, क्यू, आर अशी. ती गोल टेबलाभोवती बसतात, नाहीतर दोन समोरासमोरच्या ओळींत. क्यूला आरच्या शेजारी बसायचं नसतं, टीच्या समोर पी असतो, आणि यावरून एसच्या डावीकडे कोण ते ओळखायचं असतं. हे प्रश्न मी रोज सकाळी ओसरीत चहाबरोबर सोडवत असे आणि बाबूजी समोर बसून बिघडवत असत. त्यांचा जन्म रेल्वेत तिकीट तपासण्यात गेला. ते म्हणायचे, "टुन्ना, एवढ्या गाड्या पाहिल्या, आपल्या जागेवर बसलेला माणूस काही पाहिला नाही. हे आठ कुठले रे इतके सज्जन?" क्यू आणि आर शेजारी का बसत नाहीत, याचं कारण कळल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नसत. शेवटी आम्ही ठरवायचो की क्यूने आरची सायकल नेली आणि परत करताना घंटी काढून घेतली. मग उत्तर यायचं. (बरोबर यायचं, हे विशेष.)

नात्यांच्या प्रश्नांवर तर ते चिडायचेच. 'एका फोटोकडे बोट दाखवून एक गृहस्थ म्हणाले, हा माझ्या एकुलत्या एका बहिणीच्या नवऱ्याचा एकुलता एक मुलगा आहे, तर फोटोतला त्यांचा कोण?' बाबूजी चहाचा कप खाली ठेवायचे. "अरे, सरळ भाचा म्हण की! ज्याला भाचा म्हणायला एवढा वळसा लागतो, तो त्याचा फोटो जवळ बाळगतो कशाला?"

ते गेल्यावर मला एकही प्रश्न सुटेना. आमचे सर सांगतात, दिलेलं विधान खरं मानून चालायचं, मनाला पटो न पटो. मानून चालतो आहे. पण क्यू आणि आर का बसत नाहीत हे विचारणारं कुणी नाही, आणि कारण कळल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

अशात बडका बाबूजींनी (बाबूजींचे हे थोरले भाऊ; त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे ते सगळ्यांना कामं सांगतात, नकार त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही) तेराव्याच्या पंगतीत कोणी कुठे बसायचं ते माझ्यावर सोपवलं. मी कागद घेऊन बसलो. फुफाजी (आत्याचे यजमान, म्हणजे घरचे जावई) आणि तुम्ही शेजारी नकोत, कारण बेबीच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीत पुढची जागा कुणाची यावरून जे झालं ते. तुम्ही दोघं समोरासमोरही नकोत, कारण तेच. मुखियाजींना पाय पसरायला टोकाची जागा हवी. बडका बाबूजींच्या शेजारी असा माणूस हवा ज्याचा आवाज त्यांच्या कानात शिरेल, म्हणजे तुम्ही. अटी वाचल्या आणि मामाजी, उत्तर आपोआप येत गेलं. एकच उत्तर, सगळ्या अटी पाळणारं. बाबूजी गेल्यापासून सुटलेला तो पहिला प्रश्न. त्या आनंदात मी पुस्तकात असतं तसंच अंगण आखलं. पहिली ओळ उत्तरेकडे तोंड करून, दुसरी दक्षिणेकडे.

पुस्तकातली माणसं जेवत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ती नुसती बसतात. त्यांना यमाची दक्षिण दिशा नसते, आणि जिच्यासाठी जेवताना ती टाळायची अशी घरी आईही नसते.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, तरी तुमच्या मागे काय झालं ते सांगतो. तुम्ही पुरीचा घास मोडला, वर सूर्याकडे पाहिलं आणि ओरडलात, "टुन्ना! जावयाला उत्तर आणि मला यमाकडे तोंड? माझी आई अजून जिवंत आहे रे!" त्यावर फुफाजी म्हणाले, "बसा हो मेहुणे, तोंड कुठेही करा, यमाला तुमचा पत्ता ठाऊक आहे." हे त्यांनी बोलायला नको होतं. तुम्ही उठलात. पंगतीतला एक उठला की सगळ्यांनी उठायचं, हा आपला रिवाज. तुमच्यापाठोपाठ दक्षिणेची ओळ उठली, तिच्या मागे उत्तरेची. फुफाजी शेवटचे उठले, कारण वाढप्याचा बुंदीचा झारा नेमका त्यांच्या पत्रावळीवर आला होता आणि त्यांची नजर त्यातून सुटत नव्हती. बुंदी पडली नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षात बसेपर्यंत ते म्हणत होते, "दही तरी मिळालं असतं." (बडका बाबूजींना वाटलं जेवण संपलं. त्यांनी सगळ्यांना तृप्त झालात ना म्हणून विचारलं.) उरलेली बुंदी आम्ही अजून खातो आहोत. आता ती फोडावी लागते.

मग पंडितजी मला घरचा कर्ता म्हणून मामाकडची पगडी बांधायला बसले. मी डोकं वाकवून समोर. "मामा कुठे? पगडी कुठे?" दोन्ही गेले होते. पगडी तुमच्या झोळीत होती. फुफाजी पुढे झाले, खांद्यावरचा गमछा काढून म्हणाले, "हा बांधा, कापड ते कापड." त्या दिवसभरात माई एकदाच बोलली. "पगडी माझ्या माहेरचीच येईल. तोवर उघडं राहू दे." तेव्हापासून उघडंच आहे. माई तुमचं नाव काढत नाही. फाटक वाजलं की मात्र पदर सारखा करते. दूधवाला असतो.

माझी चूक झाली. राग माझ्यावर ठेवा, माईवर नको. नानीजींना प्रणाम.

तुमचा
मृगांक (टुन्ना)

ता. क. परीक्षा पुढच्या रविवारी आहे. वयाच्या अटीमुळे ही शेवटची. केंद्र तुमच्या मुझफ्फरपूरला आलं आहे. केंद्र मी निवडलेलं नाही, शपथेवर सांगतो. शनिवारी एक रात्र तुमच्या ओसरीत काढली तर चालेल का? जेवायला कुठल्याही दिशेला तोंड करून बसवा.

ता. क. २. खरं काम वेगळंच आहे. प्रवेशपत्रावरच्या फोटोत माझे दाट केस आहेत आणि मिशा आहेत. आरशात जो आहे त्याला दोन्ही नाहीत. सर म्हणतात, फाटकावर चेहरा जुळला नाही तर परत पाठवतात. बाबूजींचा मृत्यूचा दाखला घेतला आहे, पण तो दाखवून बोलावं लागेल. मला फाटकावर भांडता येत नाही. तुम्हाला येतं, आमच्या अंगणात सगळ्यांनी पाहिलं आहे. याल का बरोबर? पगडी आणलीत तर परीक्षेनंतर तिथेच बांधा. (आधी बांधलीत तर चेहरा आणखीच जुळणार नाही.)

ता. क. ३. फाटकावरचा माणूस फोटोकडे बोट दाखवून विचारेल, हा तुमचा कोण? मामाजी, बहीण, तिचा नवरा, एकुलता एक, यातलं काही सांगू नका. नुसतं भाचा म्हणा. बाबूजींना तेच उत्तर हवं असायचं.