आठ मीटर खालचा लाल

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार
दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, कोथरूड

प्रिय शाइस्ता आपा,

आत्ता मी स्टुडिओत बसलोय. समोर ऋषी नावाच्या गिऱ्हाइकाचा मालवणच्या समुद्रातला व्हिडिओ थांबवून ठेवलाय आणि वीस मिनिटं मी त्यातल्या एका माशाकडे बघतोय. मासा कुठल्या रंगाचा आहे ते मला ठरवता येत नाही. फोन केला असता, पण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि हे सगळ्या घराने ऐकायचं नाहीये. बोलतो आपण हिंदीत, पण शाळा मराठी होती, म्हणून लिहायला मला मराठीच जमतं.

गणपतीनंतर आनंद सरांनी रंगाचं काम माझ्याकडे दिलं, हे अम्मीने सांगितलं असेल. दहावी नापास मुलाला त्यांनी ती खुर्ची दिली, म्हणून मी फार जपून काम करतो. खरं सांगायचं तर डोळ्यांनी करतच नाही. संगणकावर रंगांचा आलेख असतो. माणूस गोरा असो की सावळा, चेहऱ्याचा रंग त्यात एका ठरलेल्या रेषेजवळ येतो. मी चेहरा रेषेवर आणतो आणि आकडे वहीत लिहून ठेवतो. बाकीचं माहीतच असतं. डोहाळजेवणात साडी हिरवी, कपाळावर कुंकू लाल. कुणाला विचारायची वेळ येत नाही.

पाण्याखाली यातलं काहीच चालत नाही. पाणी सगळ्यात आधी लाल रंग पिऊन टाकतं. आठ मीटर खाली तो जवळजवळ उरतच नाही, सगळं निळं-हिरवं होतं. तिथे पोचल्यावर कॅमेऱ्यासमोर पांढरी पाटी धरायची असते, म्हणजे त्या पाण्यात पांढरं कसं दिसतं ते त्याला कळतं. भिंगावर लाल फिल्टर लावायचा असतो. ऋषीने दोन्ही केलं नव्हतं. कॅमेरा ऑटोवर ठेवला होता, त्यामुळे तो दर दोन सेकंदांनी आपलं मत बदलतो. मी चेहरे रेषेवर येईपर्यंत लाल वाढवत गेलो. आकडे दोनदा तपासले. शनिवारी ऋषी बायकोला घेऊन बघायला आला. बघून झाल्यावर त्याने सरांना शांतपणे विचारलं, "आम्ही मालवणला गेलो होतो की रंगपंचमीला?" सगळे हसले, मीही हसलो. काय चुकलंय ते मला दिसत नव्हतं. येत्या शनिवारपर्यंत हे जमलं नाही, तर मी परत हार्ड डिस्क लावायच्या आणि फायली कॉपी करायच्या, असं सर म्हणाले.

काल शेजारच्या टेबलावरची वल्लरी मदतीला आली. मी वाढवलेला लाल बराच उतरवून म्हणाली, ऋषीच्या बायकोच्या मनगटावरचा लाल पट्टा धर, तो बरोबर आला की बाकीचं सोपं आहे. मी पडद्यावर शोधत राहिलो. थोड्या वेळाने ती पडद्याऐवजी माझ्याकडे बघायला लागली.

"एजाज, एवढ्या हिरव्यात तो एकटाच लाल आहे. तुला खरंच दिसत नाही?"

मी म्हटलं, दिसतो की.

आज सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. प्रत्येकात एक आकडा लपलेला असतो म्हणे. पहिला वाचला, नंतरच्या पानांवर मला नुसते ठिपके. डॉक्टर बाई म्हणाल्या, लाल आणि हिरवा तुम्हाला वेगळे ओळखता येत नाहीत, जन्मापासूनच. औषध नाही.

आपा, माझा गोंधळ तेव्हापासून संपलेला नाही. तुझी निकाहची ओढणी मला लाल आठवते. पण ती लाल दिसली म्हणून आठवते, की कुणीतरी लाल म्हणालं म्हणून? मार्केट यार्डात अब्बांनी मला टोमॅटो निवडायला बसवलं होतं, ते आठवतं का? पिकलेले आणि कच्चे मी एकाच क्रेटमध्ये भरले. व्यापाऱ्याने अख्खा माल परत केला आणि अब्बांनी सगळ्या हमालांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. अजूनही ते पाहुण्यांना सांगतात, याचं लक्षच नसतं. मलाही इतकी वर्षं तेच वाटत होतं. मी जास्त लक्ष द्यायचो, आणखी जास्त द्यायचो, तरी चुकायचं.

सरांना अजून काही सांगितलेलं नाही. उद्या सांगणार आहे. खुर्ची बहुतेक जाईल. आकडे माझे आणि डोळे वल्लरीचे असं चालेल का, हे विचारून बघेन.

पण त्याआधी तुला लिहिणं भाग होतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, हे आईकडून येतं. मुलींना सहसा त्रास होत नाही, पण त्यांच्या मुलांना होऊ शकतो. काल रात्री फोनवर तू सांगत होतीस की तुझ्या शाहिदने चित्रातल्या झाडाची सगळी पानं तपकिरी रंगवली, शाळेतल्या बाईंनी वहीत शेरा लिहिला आणि तू त्याला मारलंस. असेलच असं नाही, आपा. तरी सोलापुरात त्याचे डोळे दाखवून घे. तोवर त्याला लक्ष दे म्हणू नकोस, तो देतच असेल. आणि त्याच्या खडूंवरचे कागद सोलू देऊ नकोस. मी त्यावरची नावं वाचूनच रंग उचलायचो.

तुझाच,
एजाज