वर केलेला हात

कॉरिन,

आयोवापासून मिसूरीपर्यंत तुझ्या बाबांचा खटारा पिकअप हाकत आले. मक्याच्या शेतांमधल्या गावागावांत तुमची वस्ती कुठे ते विचारलं, की कॉफी ओतणारी बाई हसायची, "ते सगळं वाटून खाणारे ना? अजून पुढे!"

पोचले, तर मला एक रात्र राहू द्यायचं का, यावर सभा! एकानेही विरोध केला, तर नकारच म्हणे. अगं, आईला झोपू द्यायला सभा कसली? दाढीवाले, अनवाणी, सगळे परके 'राहू दे' म्हणाले. विरोधात एकच हात वर झाला. तुझा.

मी निघाले. हे पत्र टाकणार नाही. त्यावरही सभा भरवाल.

त्या हाताची बाही काखेत उसवली होती. सुईदोरा गाडीतच होता गं.

तुझी,
आई